जड होत गेलेली पिशवी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. वाळलेली पानं जाळीच्या पिशवीत भरून जंगलात पाचोळ्याखाली ठेवायची आणि महिन्या-महिन्याला आणून वजन करायचं, हे प्रयोगशाळेतलं माझं काम. पानं कुजतात, माती त्यांचं सत्त्व घेते, पिशवी हलकी होते. पिशव्या मात्र सर स्वतः शिवायचे. माझ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्यातली एक पिशवी जड होत चालली.

"काका, तुम्ही हिच्यात ओली पानं कोंबता," सर म्हणाले. "सापडलात तर कायमचे घरी बसाल."

"कोंबू कुठून, सर? टाके तुमचेच आहेत की."

टाके खरंच जसेच्या तसे होते. सरांनी ते कात्रीने कापले. आतली पानं हिरवी झाली होती. देठांना चीक आला होता. हात लावला तर कोमट.

"कसं करता हो हे?" सरांनी माझ्यावर बोट रोखलं, तसं त्यांचं घड्याळ मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरलं. कमरेच्या पट्ट्यालाही नवी भोकं पाडलेली दिसली.

"सर, तुम्ही आरशात पाहिलंत का हल्ली?"

"विषय बदलू नका!" त्यांनी पानं परत भरली आणि सुई माझ्यापुढे धरली. "आता तुम्ही शिवा. नाही म्हणालात, तर लबाडी कबूल."

नोकरीचा प्रश्न होता. मी सुई घेतली.

पहिला टाका ओढला, आणि लग्नापासून साबण लावूनही न निघालेली माझी अंगठी टपकन टेबलावर पडली.