छातीवरचा पळस

राष्ट्रगीत सुरू झालं आणि कबड्डी संघातल्या साऱ्या मुलींच्या जर्सीवर छातीशी विणलेला पळस पेटून उठला. फक्त तनुजाचा काळाच राहिला.

मन आनंदानं उचंबळलं की उजळणारं ते फूल आणि त्याचं कापड वरच्या कक्षात बसलेल्या मृण्मयी देवस्थळींनीच घडवलं होतं.

"देशद्रोही!" पळस देशप्रेमानंच उजळतो असं मानणारे प्रेक्षक ओरडू लागले. बाटल्या मैदानात येऊन पडू लागल्या.

"अहो, सकाळीच तिची आई गेलीय," मृण्मयीबाई शेजारच्या अधिकाऱ्याला कळवळून म्हणाल्या. "दुःखात ते उजळतच नाही. लोकांना सांगा ना!"

"आणि मग बाकीच्यांच्या उजेडावर कोण विश्वास ठेवेल, बाई?"

मृण्मयीबाई स्वतःच धावत खाली गेल्या. तोवर पोलिसांनी तनुजाला दंडाला धरून नेलं होतं. रांगेतल्या मुली तिच्याकडे बघतही नव्हत्या. पळस विझू नये म्हणून डोळे घट्ट मिटून त्या हसत उभ्या होत्या.