तासगावचा वारा

मालननं शेडमधल्या जाळीवरून बेदाण्याची मूठ उचलली, आवळली आणि उघडली. माल तयार असला की मणी सुटे होऊन पडतात. आज सगळा गोळा तळव्याला चिकटून बसला.

तिनं वारा विनिमय केंद्राला फोन लावला. "साहेब, मार्चमध्ये आमच्याकडं कधी दमट हवा असते का? माल काळा पडायला लागलाय."

"ताई, परदेशाशी करारच तसा आहे," तिथला अधिकारी म्हणाला. "आपला कोरडा वारा मोठ्या नळ्यांतून त्यांच्या बंदरावर जातो, त्यांची दमट हवा आपल्याकडं येते. दोन्हीकडं जकात माफ. तुम्हाला कोरडा वारा लागत असेल तर बाजारभावानं विकत घ्या."

"आमचाच वारा?"

"बाजार खुला आहे, ताई. कुणीही घेऊ शकतं."

तिनं फोन ठेवला आणि हात पदराला खसाखसा पुसला. चिकटा काही जाईना.

संध्याकाळी तिचा नवरा आप्पासो पेठेतून आला. त्यानं एक चकचकीत पाकीट तिच्यापुढं टाकलं. "व्यापारी म्हणतोय, इथनं पुढं हाच घेणार. परदेशातला बेदाणा आहे. आपल्यापेक्षा स्वस्त, वर मालही चांगला."

मालननं पाकीट फोडलं. सवयीनं मूठ आवळली, उघडली. सोनेरी मणी सुटे सुटे होऊन खाली पडले.

"ह्यांना कुठनं जमलं हे?" ती चिडून म्हणाली.

आप्पासोनं पाकिटाची मागची बाजू तिच्यासमोर धरली. तिथं ठळक अक्षरांत छापलं होतं: 'तासगावच्या अस्सल वाऱ्यात वाळवलेला.'