परतीच्या वेळी परत

पावतीवरची सही देवयानीचीच होती. तिने तारीख पाहिली. बारा सप्टेंबर. तेव्हा तिची ड्यूटी खाली होती, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या कस्टम्स काउंटरवर. आता ती वर बसत होती, परत जाणाऱ्यांना त्यांच्या ठेवून घेतलेल्या वस्तू देण्याच्या खिडकीवर.

'सॅटेलाइट फोन, एक. प्रवाशाने स्वतःहून दाखवला. परतीच्या वेळी परत.' प्रवाशाचं नाव योनातन झिराडकर, वय चोवीस, पासपोर्ट इस्रायलचा. आणि खिडकीसमोर उभी होती साठीला आलेली एक बाई.

"प्रवासी कुठे आहेत?" देवयानीने इंग्रजीत विचारलं.

बाईने तिच्या छातीवरची नावाची पट्टी सावकाश वाचली. देवयानी कारखानीस.

"मराठी ना तू? मी त्याची आई, रिबका. मूळची रेवदंड्याची. नऊ वर्षांची होते तेव्हा आम्ही तिकडे इस्रायलला गेलो." मग तिने सगळं एका दमात सांगितलं. मुलगा ऑक्टोबरात हिमाचलातली एक खिंड ओलांडायला एकटाच निघाला. पलीकडच्या गावात पोचलाच नाही. पंचवीस दिवस शोध घेतला. मग बर्फ पडायला लागला आणि माणसं खाली उतरली. मे महिन्यापर्यंत आता वर कोणी जाणार नाही. गेस्ट हाउसवर त्याची मोठी बॅग होती, तिच्यात ही पावती सापडली.

देवयानी पावतीकडे बघत राहिली. असा फोन परवानगीशिवाय या देशात वापरता येत नाही. कोणी आणलाच आणि आपणहून दाखवला, तर तो ठेवून घ्यायचा, पावती द्यायची. तिने तेच केलं होतं. पण आता बाई काय विचारणार ते तिला ठाऊक होतं. तो फोन त्याच्याजवळ असता तर?

"मावशी, रूल आहे तसा," ती आधीच म्हणाली.

"असेल. त्याने लपवला नव्हता ना?"

"नाही. तसं लिहिलंय इथे. स्वतःहून दाखवला."

"मग बरं." बाईने मान हलवली. "ही सही तुझी? म्हणजे तू पाहिलंस त्याला. कसा होता गं? उतावीळ होता का?"

देवयानीला तिचा रोख पटकन कळला नाही. "घाईत होता का, असं?"

"हां. पोटात काही नसलं की तो उतावीळ होतो."

देवयानीने आठवून पाहिलं. सप्टेंबर, पहाटेची विमानं, एकामागून एक माणसं, पाठीवर बॅगा, उघडे पासपोर्ट. चेहरा एकही आठवेना. हसत होता, थँक्यू म्हणाला, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"मला आठवत नाही, मावशी. दिवसाला इतके लोक येतात."

बाईने पावतीवरची सही पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "खोटं नाही बोललीस, बरं केलंस. तिकडे डोंगरात जो भेटला तो म्हणाला, मी पाहिला त्याला. कोणी चहा पाजला, कोणी रस्ता दाखवला. मी पंचवीस दिवस त्यांच्या मागे फिरले."

देवयानी उठून मागच्या टेबलाशी गेली. सुपरिंटेंडेंट राघव यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "या तो लड़के का अथॉरिटी लेटर, या डेथ सर्टिफिकेट. तीसरा रास्ता नहीं है. बुरा लग रहा है, लेकिन नहीं है."

ती खिडकीशी परत आली. फॉर्मवर घेणाऱ्यासाठी तीन चौकटी होत्या. स्वतः, प्रतिनिधी, वारस. तिने तिसऱ्या चौकटीचा अर्थ सांगितला. बाईने पेन हातात घेतलं, तिथपर्यंत नेलं आणि खाली ठेवलं.

देवयानी पुढे झुकली. "एक करता येईल. एक कागद घ्या. आईला द्यावा, एवढं लिहा, खाली त्याची सही करा. तारीख मागची टाका. मी बघून घेईन."

"तुझी नोकरी जाईल."

"नाही जाणार. कोण बघतंय."

"नको, पोरी." बाई म्हणाली. "त्याने तुला सरळ काढून दाखवला. आता मी तो चोरून नेऊ?"

मागे एक उंच माणूस आपली पावती घेऊन उभा राहिला होता. देवयानीने त्याला थांबायची खूण केली.

"किती दिवस ठेवता तुम्ही?" बाईने विचारलं.

"मुदत संपली की डिस्पोज करतात. पण अर्ज दिला तर मुदत वाढते. तो अर्ज तुम्ही देऊ शकता."

"मग दे. तूच लिही. माझा हात मराठीला नाही वळत आता, आणि इंग्रजी तर तुझंच बरं."

देवयानीने कोरा फॉर्म पुढे ओढला. नाव, पासपोर्टचा नंबर, पावतीचा नंबर, वस्तू. सगळं तिने समोरच्या पावतीवरून उतरवलं. एका रकान्याशी ती थांबली.

"मावशी, इथे कारण लागतं. मुदत का वाढवायची, ते."

बाई विचार करत उभी राहिली. वरच्या स्पीकरवर तिच्या विमानाची सूचना झाली. तिने ती ऐकली, पण हलली नाही.

"लिही," ती म्हणाली. "प्रवासी अजून भारतात आहे."

देवयानीने तसंच लिहिलं आणि खाली आजची तारीख घातली.