चिंचेखालचं जीवदान

प्लेगाच्या साली सगळी निपाणी उंदीर मारत सुटली होती. शेंगांचे व्यापारी नेमगोंडाअण्णा मात्र जैन. वखारीतले उंदीर पिंजऱ्यात धरून ते रोज दिवस मावळता मळ्यातल्या चिंचेखाली जिवंत सोडायचे.

आज तिथं त्यांचा पाय पचकन कशात तरी रुतला. केसांचे आणि बारीक हाडांचे बुळबुळीत गोळे. वर बसलेल्या पांढऱ्या तोंडाच्या घुबडानं मान ताणून तसलाच आणखी एक ओकला. अण्णा पाय झटकत मागं सरले.

"शी! आख्खा उंदीर गिळून केसं-हाडं ओकतंय. भरमू, हाकल त्या पाप्याला."

गडी खाली बघत म्हणाला, "अण्णा, पयलं हितं घुबाड नव्हतं. तुमी उंदरं सोडाय लागल्यापास्नं आलंय."

ओकून मोकळं झालेलं घुबड अण्णांच्या हातातल्या पिंजऱ्याकडे टक लावून बघत होतं.