भिंतीवरचा भाऊ

“पुतळा? कुनाचा पुतळा?” गेणबानं चहाची बशी खाली ठेवली.

“थोरल्या आबांचा. भिमाआबांचा,” सरपंच विजयसिंह म्हणाला. “शाळंम्होरं बसवायचा. अर्धाच, छातीपातूर. आज विजय दिवसाचा कार्यक्रम उरकला की फोटो बारामतीच्या कारागिराला धाडतो. तेवढा भिंतीवरनं उतरवून ठिवा, आबा.”

सणसर गावात सोळा डिसेंबरला भिमाचं नाव निघालं नाही, असं एकही वर्ष गेलं नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मागं डोळ्यांनी अधू बाप, बायको कौसल्या आणि धाकटा भाऊ गेणबा. दीड वर्षानं भावकीनं बसून कौसल्याचा गेणबाशी पाट लावून दिला. त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. तीन लेकरं झाली, सात नातवंडं झाली. पण सोळा डिसेंबर उजाडला की कौसल्या भिमाची. स्टेजवर खुर्ची तिला, शाल तिला, माईकवर ‘वीरपत्नी कौसल्याबाई’. आणि वीरपत्नीचा नवरा खाली शेवटच्या रांगेत, तिच्या चपला सांभाळत.

जित्या माणसाशी भांडता येतं, मेलेल्याशी कसं भांडणार? गेणबाचे केस गेले, दात गेले, गुडघे गेले. फोटोतला भिमा मात्र चोविसाचाच. तिरपी टोपी, ताठ मान, वर पिळलेली मिशी. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून गेणबानं कुरकुर केली, की त्याला वाटे, वरनं तो हसतोय. त्यामुळं त्या फोटोकडं त्यानं कधी धड मान वर करून बघितलंच नव्हतं.

शेजारची छबूबाई हार घालायला यायची. ती लग्न होऊन गावात आली, तेव्हा भिमाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी दरवर्षी म्हणायची, “काय रुबाब गं बाई थोरल्याचा! धाकट्यात त्यातलं काय बी उतरलं न्हाय.”

आणि कौसल्या पदराआड हसायची. छबूबाईचं बोलणं गेणबा विसरायचा. ते हसणं विसरत नव्हता.

आता पुतळा. म्हणजे उसाला पाणी द्यायला जाताना एक सलाम, परत येताना दुसरा.

सरपंच गेला. कौसल्या नवं लुगडं नेसायला आत गेली. गेणबानं फोटो खिळ्यावरून उतरवला, उपरण्यात गुंडाळला आणि तडक कालवा गाठला. आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ वाहत होतं. त्यानं हात उचलला.

“अवो! ह्ये काय चाललंय?”

मागं कौसल्या धापा टाकत उभी होती. नव्या लुगड्याचा काठ चिखलात.

“बुडवतोय,” गेणबा म्हणाला. “आज एक तर घरात त्यो ऱ्हाईल, न्हाय तर मी.”

“ह्या वयात कसलं खूळ घेतलंय?”

“खूळ तर खूळ. आख्खा जलम ह्याच्याखाली बसून भाकर खाल्ली म्या. ती छबूबाई त्याचं कौतिक करती, तू गालात हसतीस. लोकं तुला त्याची म्हनत्यात, म्हनू द्यात. तू सांग. तू कुनाची हायस?”

कौसल्या तिथंच काठावर बसली. मग फोटो तिनं त्याच्या हातातून काढून घेतला, मांडीवर उलटा ठेवला, गंजलेले खिळे वाकवले आणि पुठ्ठा काढून फोटो काचेखालून बाहेर घेतला.

“बसा हितं. ही मिशी रंगानं काढल्याली हाय. टोपी आन् डगला बी स्टुडिओवाल्याचाच.”

“म्हंजी?”

“लढाईतनं फोटो कुठला यायला? तुमी दोघं भावांनी जत्रंत एक फोटो काढला हुता. त्यातलं तोंड कापून ह्याला चिकटवलंय.”

तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि मिशी पुसली. अर्ध्या शतकाची मिशी तीन-चार फटक्यांत गेली. खालून एक कोवळा, जरा रुसका ओठ निघाला.

गेणबानं फोटो डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. परत जवळ आणला.

“अगं... ह्यो तर मी हाय!”

“मिशी-टोपीखाली गावात कुनालाच वळखू आलं न्हाय. मामंजींना तर दिसतच नव्हतं. स्टुडिओवाल्यानं जत्रंतला फोटो माझ्याम्होरं धरला. म्हनला, ‘बाई, दोघांतला तुमचा कोन?’”

“आन् तू चुकलीस?”

“चुकतीय कशाला?” कौसल्या म्हणाली. “लगीन हून ह्या घरात आले त्या दिसापासनं ज्याच्याकडं बघत हुते, त्याच्यावरच बोट ठिवलं.”