दोन तासांची झोप

"फोनवरचा ठिपका बघत बसू नकोस गं. अधूनमधून नवऱ्याचा आवाज ऐक," काल सकाळी सायकली सुटायच्या जागी एका जुन्या सायकलस्वाराची बायको तिला म्हणाली होती. त्या बाईच्या नवऱ्याच्या खांद्यात लोखंडी पट्टी होती. तिने हसून ते कानाआड केलं. "अहो, वरच्या ठाण्यावर स्वयंसेवक म्हणून माझा सख्खा भाऊच आहे. मला कसली काळजी?"

सहाशे किलोमीटर, पाच घाट, चाळीस तास. परवानगी देताना तिने नवऱ्याला चार अटी घातल्या होत्या. हेल्मेट. पिवळं जाकीट. मागे एक नाही, दोन दिवे. आणि चौथा मोठा घाट उतरण्याआधी, त्याच्या माथ्यावरच्या ठाण्यात, दोन तास झोप. उतारावर डोळा लागला तर पाय नाही, जीव जातो, हे तिने कुठेकुठे वाचून ठेवलं होतं. नवऱ्याने कागदावर सही केली होती. "आता अंगठाही उठवू का?" म्हणून वर चिडवलंही होतं.

आज सकाळी साडेसहाला फोनवरचा निळा ठिपका ठाण्यावर येऊन थांबला, तेव्हा तिने रात्रभरात पहिल्यांदा पाठ टेकली. सात वाजता मुलीला खीर भरवताना चमचा कशावर तरी टकटकला. वरच्या हिरडीत पाचवा दात. तिने त्याला लिहिलं, 'उठलास की फोन कर, गंमत सांगायचीये.' मग फोन पालथा ठेवला. झोपमोड नको.

पावणेनऊ झाले. ठिपका जागचा हलला नव्हता. झोपू दे की, तिने स्वतःला समजावलं, दोनाचे अडीच तास झाले तर काय बिघडलं? मुलगी पाळण्यात झोपली होती. सवयीने तिच्या नाकाशी बोट धरलं, उबदार श्वास लागला, आणि तिला एकदम नवऱ्याचाही श्वास ऐकावासा वाटला. तिने भावाला फोन लावला.

"झोपलेत गं भावोजी. अगदी मेल्यासारखे."

"असं बोलू नये."

"बरं बाई, राजासारखे. चटईवर. उठवू का?"

"नको, नको. फक्त फोन त्याच्याजवळ धर. एक मिनिट."

"कशाला?"

"ऐकते नुसतं."

"ताई, तू ना अगदी..." भाऊ पुटपुटला. मागे कपांचा आवाज होता, कुणीतरी सायकलीत हवा भरत होतं. मग ते आवाज दूर गेले. दार लोटल्यासारखं झालं. आणि घोरणं आलं. संथ, भरदार, शेवटी बारीकशी शीळ.

ती हसली. दोन श्वास हसतच होती.

तिसऱ्या श्वासाच्या शिळेपाशी तिचं हसू थांबलं. ही शीळ तिच्या ओळखीची होती. परीक्षेच्या दिवशी, शेजारच्या अंथरुणात, डोक्यावर पांघरूण ओढून लहानपणी भाऊ असाच घोरायचा. आई फसायची. "राहू दे, कणकण असेल त्याला," म्हणायची. त्या शिळेचं गुपित तिने आईला एकदाही सांगितलं नव्हतं.

"पुरे," ती म्हणाली.

घोरणं थांबलं.

"कधी निघाला तो?"

मग अगदी शाळकरी आवाजात, "पावणेसातला."

"पंधरा मिनिटं? फक्त पंधरा मिनिटं थांबला?"

"पुढचं ठाणं दहाच्या आत गाठलं नाही तर बाद करतात, ताई. झोपायला वेळच उरला नव्हता. फोन इथे ठेवून गेले. म्हणाले, ठिपका थांबलेला दिसला की ती पण जरा झोपेल. तुझ्या चांगल्यासाठीच गं. शपथ घातली मला."

"म्हणजे तुम्ही दोघांनी ठरवलंत."

"घाट उतरले की पहिल्या टपरीवरून माझ्या नंबरवर फोन करणार होते. तासाभरात."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजायला आले होते.

"मग? आला फोन?"

"नाही," तो म्हणाला. "यायला हवा होता, ताई."

"मोटारसायकल काढ. जा त्याच्या मागे. आणि गाढवा, सावकाश जा."

फोन ठेवला तरी स्क्रीनवर निळा ठिपका ठाण्यावर तसाच होता. शांत झोपलेला.

दोन तास ती त्याला जपत बसली होती. त्याच्यासाठी तिने मिक्सर लावला नव्हता, जणू इथला आवाज तिकडे गेला असता. आता राग आला होता की आणखी काही, ते बघायला वेळ नव्हता. व्हॉट्सॲपवर सायकलवाल्यांचा जो गट होता त्यात, आणि मग जो जो गट हाताला लागला त्यात, तिने लिहायला घेतलं:

'हे वाचणारं कुणीही आत्ता सहाशे किलोमीटरच्या सायकलफेरीतल्या चौथ्या घाटात असेल, तर गाडी हळू करा. पिवळं जाकीट, निळी सायकल, मागे दोन दिवे. नुसती सायकल दिसली आणि माणूस दिसला नाही, तर कठड्यावरून वाकून बघा. माणूस दिसला तर थांबवा. तो हात हलवेल, अंगठा दाखवेल, मी ठीक आहे म्हणेल. त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका. त्याला सायकलवरून खाली उतरवा आणि विचारा, मुलीला दात किती आलेत. लगेच चार म्हणाला, तर जागा आहे. पाचवा आज सकाळी आलाय. ते त्याला अजून माहीत नाही.'