गोदामातला गारवा

बॅटऱ्या तापल्या की पेट घेतात, म्हणून गोदामातला एसी कधीच बंद होत नसे. विजेवर ताण आला की मागच्या पत्र्याच्या खोल्यांची लाइन आधी तोडली जायची. त्या दुपारीही पंखे बंद पडले आणि तिथे राहणाऱ्या रखवालदाराची म्हातारी आई उकाड्याने कासावीस झाली. त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि थेट गोदामाचं दार गाठलं.

"साहेब, घटकाभर हिला आत टेकू द्या. पाया पडतो तुमच्या."

सुरक्षा अधिकारी हळहळला, पण दारातून हलला नाही. "अरे, आत कामाशिवाय कुणालाच सोडता येत नाही. उद्या आग लागली तर जबाबदार कोण? तिला दवाखान्यात ने."

रिक्षा येईपर्यंत म्हातारीने तिथेच, लेकाच्या मांडीवर मान टाकली.

थोरला भाऊ परगावाहून पोहोचायला सकाळ होणार होती. एवढ्या उकाड्यात आईला तोवर ठेवायचं कुठे, या विचाराने रखवालदार डोकं धरून बसला. अधिकाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या हाताने गोदामाचं कुलूप काढलं.

 

"भाऊ येईपर्यंत आईंना आत ठेव. नियम जिवंत माणसांसाठी आहे, आता तो आड येत नाही."